मातीतलं पाणी दोनदा निघतं: भट्टीत माती पक्की कशी होते आणि ती नीट कशी भाजायची

गणपती गेले की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत बादल्या दिसू लागतात. शाडूची मूर्ती संध्याकाळी पाण्यात ठेवली की एक-दोन दिवसांत तळाशी राखाडी गाळ उरतो. तो सुकवून पुन्हा मळला तर त्याची परत मूर्ती होते. एका वर्षी शेजारच्या काकूंनी मूर्तीसोबत एक मातीची पणतीही त्याच बादलीत सोडली. आठ दिवसांनी बादली रिकामी केली तेव्हा मूर्तीचा चिखल झाला होता आणि पणती जशीच्या तशी होती. काकू मला म्हणाल्या, "अगं, दोन्ही मातीच्याच ना? मग ही का नाही विरघळली?"

"ती भाजलेली होती, काकू," एवढं उत्तर मी तेव्हा दिलं. पण ते अर्धवट होतं. भट्टीत नेमकं काय घडतं हे कळलं की भांडं का तडकतं, का फुटतं, का गळतं, हे सगळं कळतं. मी शिकवायला लागले तेव्हापासून पाहते आहे, तपमानाचं वेळापत्रक पाठ करणाऱ्यांची भांडी फुटतात आणि त्या आकड्यांमागचं कारण समजून घेणाऱ्यांची वाचतात. म्हणून इथे प्रत्येक पायरीसोबत तिचं कारणही लिहिते आहे. सगळी तपमानं अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

दोन पाणी

भांड्यांच्या बहुतेक चिकणमातीत मुख्य खनिज केओलिनाइट. त्याचे कण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे चपटे पापुद्रे. माती मळतो तेव्हा या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की त्या सरकतात पण सुटत नाहीत, तसे हे पापुद्रे एकमेकांवर सरकतात. चाकावर मातीला आकार देता येतो तो याच पाण्यामुळे. हे पहिलं पाणी. ते उन्हात, वाऱ्यात निघून जातं, पापुद्रे जवळ येतात, भांडं आकसतं आणि कडक होतं. पण त्यावर पुन्हा पाणी ओतलं की पापुद्रे परत सुटतात. शाडूच्या मूर्तीचं हेच होतं.

दुसरं पाणी पापुद्र्याच्या आत, स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं. ते ओलं लागत नाही, दिसत नाही, कितीही ऊन दिलं तरी निघत नाही. शुद्ध केओलिनाइटच्या १०० ग्रॅममध्ये असं जवळजवळ १४ ग्रॅम पाणी असतं. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि स्फटिकाची मूळ घडी मोडते. यानंतर ते भांडं वर्षभर पाण्यात बुडवून ठेवलं तरी त्याची माती होत नाही. काकूंच्या पणतीनं हा उंबरठा ओलांडलेला होता, मूर्तीनं नाही.

हे स्वतः बघायचं असेल तर एकाच मातीच्या बोटभर लांबीच्या तीन पट्ट्या करा. एक ४०० अंशांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत आणि तिसरी ९५० पर्यंत भाजा आणि तिन्ही पाण्यात टाका. पहिली हळूहळू ढासळते. दुसरी ढासळत नाही, पण नखानं ओरखडते आणि बोटांनी मोडते. तिसरी खणखणीत राहते. म्हणजे पाण्यात न विरघळणं ही एक गोष्ट आणि मजबूत होणं ही दुसरी. मजबुती कुठून येते ते पुढे येईल.

कुठली माती

स्टुडिओत बहुतेक जण राजस्थान-गुजरातकडच्या मातीवर चालणारं तयार स्टोनवेअर मिश्रण, म्हणजे जास्त तपमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती, घेतात. सुरुवातीला तेच घ्या, आणि विकणाऱ्याला तिचं भाजण्याचं तपमान विचारून पिशवीवर लिहून ठेवा.

आपल्याकडच्या मातीचा मोह होतोच, मलाही होतो. पण तिचा स्वभाव वेगळा आहे. ही दख्खनच्या काळ्या खडकाची, बेसॉल्टची माती. तिच्यात लोह भरपूर, आणि जास्त तपमानाला हे लोह मातीला लवकर वितळवतं. खाडीकाठच्या चिखलात वर मीठ असतं. भांडं सुकताना ते पृष्ठभागावर पांढरं उमटतं. माझ्या पहिल्या वर्षी भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवरून मागून आणलेल्या मातीची वाटी मी स्टोनवेअरच्या भांड्यांसोबत १२२० अंशांना लावली. झाकण उघडलं तेव्हा वाटीच्या जागी तपकिरी, चकचकीत डबकं होतं आणि ते भट्टीतल्या शेल्फला असं बसलं होतं की छिन्नीनंही निघेना. हीच माती ९५० अंशांना सुंदर लाल भाजते. म्हणून अनोळखी मातीचा आधी लिंबाएवढा गोळा, स्टोनवेअरच्या जाड बशीत ठेवून, भाजून बघा.

माती ठरली की तिची एक पट्टी करून ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. सुकल्यावर, पहिल्या भाजणीनंतर आणि शेवटच्या भाजणीनंतर ती रेघ मोजा. स्टोनवेअरमध्ये ती शेवटी ९ सेंटिमीटरच्याही खाली जाऊ शकते. झाकण आणि भांडं वेगवेगळ्या दिवशी घडवणाऱ्यानं ही पट्टी भिंतीवर टांगून ठेवावी.

सुकवणं: ठाण्यातला खरा प्रश्न

भट्टीत फुटणाऱ्या भांड्यांपैकी बहुतेक पहिल्या पाण्यामुळे फुटतात. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. भिंतीच्या आत अडकलेल्या थेंबाला एवढी जागा कुठून मिळणार? तो भिंत फोडून बाहेर येतो, आणि शेजारची दोन भांडीही घेऊन जातो. मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटलं असं सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. खडखडीत वाळलेल्या भांड्यातली हवा सच्छिद्र भिंतीतून निघून जाते. फोडतं ते पाणी. बुडबुड्याजवळची भिंत ओली राहिली असेल तर दोष त्या ओलीचा.

भांडं गालाला लावून गार लागलं तर आत ओल आहे, ही जुनी युक्ती डिसेंबर ते मे चांगली चालते. जून ते सप्टेंबर ती फसवते. हवेतच ८५-९० टक्के आर्द्रता असेल तर माती तेवढी ओल धरूनच ठेवते. वजन करून बघा: दोन दिवस लागोपाठ वजन तेच आलं म्हणजे भांडं हवेइतकं कोरडं झालं, आणि जुलैतली हवा काही कोरडी नसते. उरलेली ओल भट्टीतच काढावी लागते.

सुकवताना घाई नको. काठ आधी सुकतो, बूड नंतर, आणि या ओढाताणीत बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. पहिले दोन दिवस वर सैल प्लास्टिक, मग काठाइतका ओलावा बुडालाही झाला की भांडं उलटं करून जाळीवर. पंख्याचा झोत थेट लावू नका. मूर्ती किंवा जाड काम असेल तर ते आतून कोरा, भिंत शक्यतो दीड सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि आतल्या पोकळीला एक भोक द्या.

भट्टीची जागा आणि वीज

शहरात बहुतेकांकडे विजेची भट्टी असते. छोटी भट्टी घरगुती सिंगल फेजवर चालते, मोठीला थ्री फेज लागतं. स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी आणि पक्कं अर्थिंग, हे जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. भिंतीपासून दीड फूट मोकळी जागा ठेवा आणि वर लाकडी माळा नको. पहिल्या भाजणीत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून बंद बेडरूममध्ये किंवा माणसं झोपतात तिथे भट्टी नकोच. एक्झॉस्ट पंखा असलेला तळमजल्यावरचा गाळा उत्तम. खर्चाचा अंदाज सोपा आहे: ६ किलोवॅटची भट्टी १० तास सरासरी निम्म्या जोरावर चालली तर ३० युनिट.

पहिल्या भाजणीत, म्हणजे बिस्कमध्ये, भांड्यांवर ग्लेझ, म्हणजे काचेचा थर, नसतो. त्यामुळे ती एकमेकांना टेकली, एकात एक बसली तरी चालतं. जड भांडं हलक्यावर ठेवू नका, एवढंच.

बिस्क: प्रत्येक टप्प्याचं कारण

पुढचा वेग सेंटिमीटरभर जाडीच्या भांड्यांसाठी आहे. जाड काम असेल तर निम्मा करा.

सुरुवात ८० ते ९० अंशांवर थांबून करा. झाकणाला बोटभर फट, वरची झडप उघडी. उन्हाळ्यात मी चार तास थांबते, पावसाळ्यात रात्रभर. पाणी १०० च्या खाली राहून उकळल्याशिवाय निघून जावं, हा हेतू. झालं की नाही हे कसं ओळखायचं? जाड हातमोजा घालून छोटा आरसा बघायच्या भोकासमोर क्षणभर धरा. धुरकटला तर अजून थांबा. हा पंधरा रुपयांचा आरसा भट्टीचं तपमान सांभाळणाऱ्या हजारो रुपयांच्या कंट्रोलरला न दिसणारी गोष्ट दाखवतो, आणि मी आजही त्याच्यावरच विश्वास ठेवते.

आरसा स्वच्छ राहिला की तासाला ५० अंशांनी २०० पर्यंत जा. २०० ते ४५० मध्ये मातीतले मुळांचे, पाल्याचे, शेणाचे अवशेष जळू लागतात. वास येतो, कधी पिवळट धूर दिसतो. तासाला ८०-१०० अंश ठीक. झडप उघडीच.

मग येतो ४५० ते ६०० चा पट्टा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. दुसरं पाणी इथे निघतं. भरगच्च भरलेल्या भट्टीसमोर आरसा इथे कधीकधी पुन्हा धुरकटतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, भांडी ओलीच राहिली की काय! ती ओली नव्हती. लाल होऊ लागलेल्या भट्टीतून मातीच्या स्फटिकातलं पाणी बाहेर येत होतं. याच पट्ट्यात ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचा स्फटिक रूप बदलतो आणि त्याचं आकारमान सुमारे एक टक्क्यानं एकदम वाढतं. थंड होताना त्याच तपमानाला तो तेवढाच आकसतो. भांड्याचा एक भाग ५६० आणि दुसरा ५९० अंशांवर असेल तर एक फुगतो, दुसरा नाही, आणि मधे तडा जातो. मोठी ताटं, रुंद बुडाची भांडी इथेच तडकतात. म्हणून ५०० ते ६५० मी तासाला ६०-७० अंशांपेक्षा पुढे जात नाही.

६५० नंतर झाकण बंद करा, पण वरची झडप थोडी उघडी ठेवा, कारण ७०० ते ९०० मध्ये उरलेला कार्बन जळायचा असतो आणि त्याला हवा लागते. घाई केली तर भिंतीच्या आत काळा गाभा राहतो. बिस्कमध्ये त्याचा त्रास दिसत नाही. पुढच्या भाजणीत माती मऊ झाली की अडकलेला वायू तिला आतून फुगवतो आणि भांड्यावर फोड येतात. तासाला १०० अंश हा वेग मला मानवला आहे.

मातीत चुनखडीचे खडे असतील तर ८००-९०० च्या आसपास त्यांचा कळीचा चुना होतो. तो नंतर हवेतली ओल पितो आणि फुगतो. भट्टीतून धडधाकट निघालेली वाटी आठ दिवसांनी कपाटात बसल्या जागी टवका उडवते, आणि टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. उपाय भट्टीत नाही. माती कालवून बारीक चाळणीतून गाळून घेणं, हाच.

९०० च्या पुढे मजबुती येते. कणांच्या कडा एकमेकींना टेकतात तिथे जोडल्या जातात. अजून काही वितळलेलं नसतं, फक्त स्पर्शाच्या जागी सांधे बसतात. ९६० ते १००० च्या दरम्यान पंधरा मिनिटं थांबून भट्टी बंद करा. या भांड्याला अजून भरपूर छिद्रं असतात, आणि ती हवीच असतात. ग्लेझच्या पाण्यात बुडवलं की ही छिद्रं पाणी शोषतात आणि ग्लेझची भुकटी बाहेर थरासारखी बसते.

पावसाळ्यात मधेच वीज गेली तर? बिस्कमध्ये घाबरू नका. झाकण उघडू नका, वीज आली की आहे तिथून त्याच वेगानं पुढे न्या. एकदा ७१० अंशांवर गेलेली वीज तीन तासांनी आली आणि एकही भांडं गेलं नाही.

कुंभाराचा आवा

आव्यात, म्हणजे कुंभाराच्या गोवऱ्या-लाकडांच्या भट्टीत, हेच टप्पे असतात, फक्त आकड्यांशिवाय. आधी बराच वेळ नुसता धूर देतात, ते पहिलं पाणी काढण्यासाठी. मग गोवऱ्या आणि लाकडांची आच वाढते. मातीत मिसळलेली लीद, राख, भाताचा तूस यांनी भिंत मोकळी राहते, वाफेला वाट मिळते, म्हणून कुंभाराचं भांडं ती झपाट्यानं चढणारी आच सोसतं. स्टुडिओची घट्ट माती सोसणार नाही. भरपूर हवा मिळाली की मातीतलं लोह लाल ऑक्साइड होतं आणि माठ लाल निघतो. शेवटी आवा राखेनं-मातीनं लिंपून हवा तोडली की तोच माठ काळा. ठाणे जिल्ह्यातल्या विटांच्या लाल रंगाचंही कारण हेच लोह.

ग्लेझची भाजणी

आता भांडी एकमेकांना टेकता कामा नयेत. बोटभर अंतर ठेवा. बुडाचा ग्लेझ ओल्या स्पंजनं पुसून काढा, शेल्फला किल्न वॉशचा, म्हणजे ओघळलेला ग्लेझ चिकटू न देणाऱ्या लेपाचा, थर द्या.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर चढवलेली काच. वाळू, म्हणजे सिलिका, एकटी वितळायला १७०० अंशांहून जास्त लागतात. फेल्डस्पार, चुना यांसारखे द्रावक तिला १२०० च्या आसपास वितळवतात, आणि ॲल्युमिना तिला भांड्यावरून ओघळू देत नाही. खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसं असलेला ग्लेझ कधीही लावू नका. ग्लेझची कोरडी भुकटी हाताळताना मास्क वापरा आणि फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

११०० पर्यंत तासाला १५० अंशांनी जाता येतं. शेवटचे १०० अंश मात्र तासाला ६० नं. मातीतला फेल्डस्पार वितळू लागतो, तो काचेसारखा द्रव छिद्रांत शिरतो आणि भांडं पुन्हा आकसतं. त्याच वेळी मातीत म्युलाइट नावाच्या खनिजाच्या सुईसारख्या स्फटिकांची वीण तयार होते. काच भरते, सुया धरून ठेवतात. स्टोनवेअरची ताकद या जोडीची आहे. तपमान फार गेलं तर काचच जास्त होते आणि भांडं बसतं, माझ्या त्या लाल वाटीसारखं.

आणि इथे कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका. माती तपमान आणि वेळ दोन्ही मिळून भाजते. डाळ मोठ्या आचेवर दहा मिनिटांत शिजते आणि मंद आचेवर अर्ध्या तासात, तसंच. हे दोन्ही एकत्र मोजायला कोन असतात: ठरावीक मिश्रणाचे छोटे त्रिकोणी सुळके, जे भांड्यांसारखेच भाजतात आणि वाकतात. १८८६ मध्ये बर्लिनमध्ये हेर्मान झेगर यांनी ते बनवले. पुढे १८९६ पासून अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांचे कोन निघाले, आज जास्त तेच चालतात. त्यांच्या आकड्यांत एक सापळा आहे: कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश, आणि कोन ६ म्हणजे साधारण १२२०. शून्य वाचायचं राहिलं तर अख्खी भट्टी गेली. बघायच्या भोकासमोर तीन कोन लावा, हवा तो मधे, एक खालचा, एक वरचा. पहिला पूर्ण वाकलेला, मधला टोक टेकत आलेला, तिसरा उभा, असं दिसलं की भट्टी बंद करा. बघताना अवरक्त किरण अडवणारा गडद चश्मा लावा.

थंड होऊ देणं

सर्वात अवघड काम हेच. ५७३ चा टप्पा उतरतानाही येतो, आणि आता भांड्यावर काच बसलेली आहे. १५० अंशांना झाकण किलकिलं करून मी एकदा एक मोठं ताट गमावलं, त्याचा 'टण्' असा आवाज अजून कानात आहे. १०० च्या खाली येईपर्यंत झाकणाला हात लावू नका, आणि भांडी उघड्या हातानं उचलता येतील तेव्हाच काढा. आमच्या छोट्या भट्टीला बारा ते पंधरा तास लागतात.

पक्कं की कच्चं

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या तपासणीत खरं ज्ञान आहे. भांडं तळहातावर मोकळं धरून बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारा. कण जोडले गेले असतील आणि तडा नसेल तर आवाज घंटेसारखा लांबतो. बद्द वाजलं तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे किंवा भाजणी अपुरी आहे. गोरोबाकाकांच्या तेर गावात सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या वस्तू सापडल्या आहेत. ज्या मातीतलं दुसरं पाणी एकदा गेलं, ती दोन हजार वर्षं जमिनीखाली ओलीत राहूनही माती झाली नाही.

पाणी धरायच्या भांड्यांसाठी टिचकी पुरेशी नाही. ग्लेझ न लावलेला, त्याच भट्टीत भाजलेला तुकडा कोरडा तोला. पाच तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात दिवसभर राहू द्या, पुसा आणि पुन्हा तोला. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले १००. समजा, कोरडा तुकडा २०० ग्रॅम आणि नंतर २०४, तर शोषण २ टक्के. कपबशांसाठी मी ३ च्या वर जाऊ देत नाही. जास्त आलं तर कप टेबलावर ओला डाग सोडेल, मग अर्धा कोन वर जा किंवा शेवटी थोडा वेळ जास्त थांबा. माठाचं उलट आहे, त्याला ही छिद्रं हवीत. त्यांतून पाझरलेलं पाणी बाहेर उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता नेतं. जुलैत माठ गार करत नाही ही तक्रार माठाची नाही, बाहेरच्या ओल्या हवेत पाणी उडतच नाही.

तडकलेल्या बिस्कचं काय करायचं? ते पुन्हा भिजवून माती होणार नाही, हे आता कळलंच आहे. पण फेकूही नका. गोणपाटात गुंडाळून हातोड्यानं कुटा, मास्क लावून, आणि रव्याच्या चाळणीनं चाळा. ही भरड, ग्रॉग, ताज्या मातीत वजनाच्या दहा ते वीस टक्के मळा. तिचं आकसणं आधीच होऊन गेलेलं असल्यामुळे नवं भांडं कमी आकसतं, आणि भिंतीत वाफेला वाट मिळते. जाड मूर्ती, कुंड्या, मोठी ताटं यांसाठी मी हीच माती वापरते, पावसाळ्यात तर हमखास.